घोड्यावरचे दोघे

"ह्या काड्यांना मेथी म्हणायचं? आणि वर पाणी मारमारून जड केलेली. आमच्या प्लेनोला असली जुडी कुणी गुरापुढे टाकली नसती."

कुरकुर अगदी नेत्राच्या कानाशी झाली. मॉरिसव्हिलच्या त्या इंडियन ग्रोसरीत भाज्यांची गल्ली एवढी अरुंद, की दोन ट्रॉल्या शेजारून जायच्या तर एकीला पोट आत घ्यावं लागतं. त्यामुळे कुणाचं पुटपुटणं कुणाच्या कानात शिरेल याचा नेम नाही. नेत्राला आधी हसू आलं. परक्या मुलखात मराठी कुरकुर ऐकली की तिला नेहमीच माहेरच्या दारात चपला काढल्यासारखं वाटायचं. मग प्लेनो हा शब्द सावकाश आत उतरला, आणि कोथिंबिरीची जुडी हातात धरून ती तशीच उभी राहिली, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळेपर्यंत.

"तुम्ही नेत्राताई ना?" मेथीवाली म्हणाली. पन्नाशी ओलांडलेली, ठसठशीत कुंकू, अंगात जावयाने दिलेला असावा असा बास्केटबॉलचा टी-शर्ट. "मंडळाच्या फोटोत पाहिलंय तुम्हाला. मी रत्ना. गेल्याच महिन्यात आलो आम्ही कॅरीला, यांची बदली झाली. परवा मीटिंगला तुमचे मिस्टर भेटले यांना, रविवारी जेवायलाच या म्हणाले. इतका आग्रह! आणि अहो, तुमचा विक्रम आमच्याच गावात निघाला की. कुठे राहतो? टोलवेच्या अलीकडे का पलीकडे?"

"पलीकडे," नेत्रा म्हणाली.

"म्हणजे आमच्या बाजूलाच! बघा, आणि आम्हाला पत्ता नाही. एवढे गणपती झाले, एकदाही दिसला नाही हो."

"बिझी असतो."

"सगळे मेले बिझीच." रत्नाने मायेने नेत्राच्या ट्रॉलीतली मेथी उचलली आणि परत ढिगावर टाकली. "ही नका घेऊ. रविवारी गोडाचं मी आणीन, तुम्ही त्यात पडू नका."

गाडीत येऊन बसल्यावर नेत्रा बराच वेळ गाडी सुरू न करताच बसून राहिली. समोर एक तरुण जोडपं दहा किलोंची तांदळाची पोती डिकीत टाकत होतं आणि कुणाच्या आईला कुठला तांदूळ चालतो यावरून भांडत होतं. रविवारी जेवायला. म्हणजे देवदत्तने बोलावलंय, आणि तिला सांगायचं त्याच्या जिवावर आलंय. त्याचं नेहमीचंच. नको असलेली गोष्ट तो अशी जवळ येऊ देतो, की ती अंगावर पडेपर्यंत आपण तिला नको म्हटलं नव्हतं हे त्याच्या लक्षातच येत नाही. आणि प्लेनो तरी कुणी काढलं? त्यानेच. विक्रमला शिक्षा झाली त्या वर्षीच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, फराळाच्या रांगेत, हातात चिवड्याची प्लेट घेऊन, "विक्रम दिसला नाही?" या प्रश्नाला देवदत्त म्हणाला, "तो प्लेनोला असतो आता, जॉब लागला." पूर्वी कधीतरी एका आठवड्याच्या ट्रेनिंगला तो स्वतः तिथे गेला होता, म्हणून ते नाव तोंडात आलं असावं. एवढा मोठा देश. खोटं बोलायला गाव निवडायचं, तर मोंटाना होतं, वायोमिंग होतं, जिथे मैलोन्‌मैल माणूस नाही आणि मराठी माणूस तर औषधालाही नाही. निवडलं काय, तर प्लेनो, जिथे दर तिसऱ्या घरात पुण्याचं कुणीतरी चहा पीत बसलेलं असतं. पण त्याचंही बरोबर होतं, ती मनात म्हणाली. आपल्यातल्या मुलाला वायोमिंगला नोकरी लागली असं म्हटलं असतं, तर लोकांनी हातातली प्लेट खाली ठेवून दहा प्रश्न विचारले असते. प्लेनो म्हटलं की मान हलते, अच्छा म्हणतात, आणि पुढचा लाडू उचलतात. मग त्या खोट्याला रोज थोडंथोडं खायला घालावं लागलं. विक्रमला तिथे अपार्टमेंट मिळालं. तो जिमला जाऊ लागला. गेल्या वर्षी तर देवदत्तने त्याला प्रमोशनही दिलं, आणि त्या संध्याकाळी घरी आल्यावर इतका वेळ बूट न काढता सोफ्यावर बसून राहिला, की नेत्राला वाटलं, बापाला अभिमानच वाटतोय की काय.

पलीकडे, असं ती म्हणाली होती. निदान ते तरी खोटं नव्हतं. पूर्वेकडे दोन तास ड्राइव्ह केलं की तंबाखूची आणि रताळ्यांची सपाट शेतं लागतात, आणि त्या शेतांच्या पलीकडे, काटेरी तारांच्या वेटोळ्यांमागे, विक्रम होता. सत्तावीस वर्षांचा असताना, जूनमधल्या एका संध्याकाळी, तो प्यायलेल्या अवस्थेत गाडी घेऊन निघाला. तीन वर्षं ज्या मुलीबरोबर होता, त्या आन्याने त्याला नाही म्हणून सांगितलं होतं. येऊ नकोस, असंही फोनवर सांगितलं होतं. तो निघाला. दोन पदरी रस्ता, दोन्हीकडे घरं, घरांसमोर खांबांवर टपालाच्या पेट्या. त्यातल्या एका पेटीपाशी एक बाई आपलं टपाल काढत उभी होती. वांडा प्रिचर्ड तिचं नाव. कोर्टात ते नाव इतक्या वेळा वाचलं गेलं की नेत्राला ते पाठ झालं, पण पाठ झालेली गोष्ट तोंडातून बाहेर येतेच असं नाही. ते नाव तिच्या आत कुठेतरी बसलं होतं, नीट घडी घालून, आणि त्याच्यावर बाकीचं सगळं रचून ठेवलेलं.

घरात तो दिवस बोलायचा झाला तर 'ते झालं तेव्हा' असं बोलत. परक्या माणसाशी बोलायची वेळ आलीच नाही, प्लेनोमुळे. जवळच्यांशी बोलताना अपघात. वकील तर त्याहून सफाईदार. तो म्हणायचा, वाहनाने रस्ता सोडला. जणू विक्रम घरी झोपला होता आणि गाडी एकटीच फिरायला निघाली होती. नागपूरहून सासूबाई म्हणाल्या, त्याची वेळ वाईट होती गं. बहीण म्हणाली, त्या मुलीने नादी लावलं नसतं तर. देवदत्त म्हणाला, त्या वळणावर दिवे हवेत, कौंटीला लिहायला पाहिजे. आणि जूनच्या संध्याकाळी, जेव्हा उजेड नऊपर्यंत रेंगाळतो, तेव्हा दिव्यांचं काय काम, असं नेत्राने त्याला कधीही विचारलं नाही. तिला दिवे हवेच होते. आन्याही हवी होती. रागवायला कुणीतरी लागतं, आणि आन्या बिचारी दूर होती, तरुण होती, आणि उलट उत्तर द्यायला कधी येणार नव्हती.

दर पंधरवड्याला ती भेटायला जायची. गाडी देवदत्त चालवायचा, आणि तिथे पोचल्यावर पार्किंगमध्येच बसून राहायचा. पहिल्या दोन वेळा तो आत आला होता. नंतर म्हणाला, तू जाऊन ये, मला फोन करायचेत. त्या जागेत कुणाचाच फोन लागत नाही. आतल्या खोलीत बसकी टेबलं, खाऊच्या यंत्राचा घरघराट, दुसऱ्या टेबलांवर कुणाकुणाच्या आया, बायका, आजीच्या मांडीवर झोपलेली बाळं. पहिलं वर्ष विक्रम ऐकून घ्यायचा. ती अपघात म्हणायची, तो खाली बघायचा. दुसऱ्या वर्षी तो तिथल्या कुठल्याशा गटात जाऊ लागला, गोल करून बसतात आणि बोलतात तशा, आणि तिथून त्याचे डोळे बदलले. खाली बघेना. मार्चमध्ये तो म्हणाला, "आई, ॲक्सिडेंट म्हणू नकोस. आय किल्ड हर. मी ते रोज म्हणतो. तू एकदा म्हण."

"मला कळतंय रे, राजा."

"नो, म्हण. यू डोन्ट हॅव टू फरगिव्ह मी. फक्त म्हण."

"ते सगळं झालं ते..."

"बघ. तू दर वेळी येतेस आणि दुसऱ्याच कोणाला तरी भेटून जातेस. त्याला काही झालंय, बिचाऱ्याला. तो मी नाही. मला भेटायला कोणीच येत नाही, आई."

तो हे चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू, लहानपणी ताप आल्यावर पाणी मागायचा तसं म्हणाला. पुढच्या खेपेला दाराशी तिला सांगितलं की भेटणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव आता नाही. ज्याची यादी त्याने ते काढलंय. परत येऊन तिने गाडीचं दार उघडलं आणि देवदत्तला म्हणाली, सध्या भेटी बंद आहेत त्यांच्याकडे. त्याने मान डोलावली आणि गाडी सुरू केली. आता सप्टेंबर आला होता. एक वाक्य म्हणायचं, एवढंच होतं. तिने ते अंघोळ करताना म्हणून पाहिलं, गाडीच्या काचा बंद करून म्हणून पाहिलं. पहिला शब्द यायचा, विक्रमने, आणि पुढचा यायचा नाही. ते वाक्य आलं नाही तर मुलगा गेला. शिक्षा संपून बाहेर आला तरी गेलेलाच, हे तिला स्वच्छ कळत होतं. कळण्याने वाक्य पुरं होत नाही.

शुक्रवारी ती कामावर गेली. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत, तळघरात, पुस्तकं दुरुस्त करायची एक खोली आहे, तिथे नेत्रा जुन्या पुस्तकांसाठी पेट्या करते. डिपेंडंट व्हिसावर आलेली बाई. पहिली कित्येक वर्षं तिला नोकरी करायची परवानगीच नव्हती, तेव्हा वेळ जाईना म्हणून पब्लिक लायब्ररीतल्या फुकटच्या वर्गाला जाऊन बसली, आणि बाकीचं व्हिडिओ बघून, पुठ्ठे फुकट घालवून शिकली. ब्लाउज बेतता येत होता, तसा पुठ्ठा बेतायला लागली. आज मापं घ्यायची होती ती एका फ्रेंच पोथीची. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीची, वासराच्या कातड्यावर लिहिलेली, आत सोन्याची चित्रं. पहिलं पान गेलेलं, त्यामुळे नाव नाही. दुसरी प्रत जगात कुठे नाही. ती सांभाळणारी पद्मिनी, वय पस्तीस, जन्म न्यू जर्सीचा, आईबाप सांगलीचे. फ्रेंच तिला मराठीपेक्षा बरं येतं, पण नेत्राला बघितलं की हौसेने मराठीत शिरते आणि मध्येच कुठेतरी अडकते.

"मावशी, आधी चित्र बघ, मग माप घे," ती म्हणाली, आणि श्वास रोखून पान उलटलं.

कातड्याचं पान उलटताना कागदासारखा आवाज येत नाही; कुणीतरी दूर चादर झटकल्यासारखा येतो. पानाच्या वरच्या अर्ध्यात चित्र. निळ्या जमिनीवर सोन्याच्या जाळीचं आभाळ, उजव्या कोपऱ्यात एक मनोरा, आणि त्याच्याकडे दौडत निघालेला पांढरा घोडा. घोड्यावर दोघं. पुढे एक बाई, लाल झग्यातली, केस वाऱ्यावर, तोंड उघडं, लगाम तिच्या हातात. मागे तिला टेकून एक तरुण, गुलाबी गालांचा, डोळे मिटलेला, हात जोडून बसलेला. लगामाला चांदी लावली होती, ती कधीच काळी पडली होती.

"हा लव्हर," पद्मिनी म्हणाली. "त्याला त्या टॉवरमधल्या लेडीने नाही म्हटलंय. आणि पुढची बाई आहे ना, ती त्याची घाई. तसं नाव लिहिलंय बघ, वर, लाल अक्षरात. अशा पोएम्समध्ये असंच असतं. पूर्ण लव्हची गोष्ट आहे, पण लव्हर स्वतः काही करतच नाही. त्याची नजर चोरी करते, त्याचं गोड बोलणं कुलूप उघडतं, त्याची घाई घोडा पळवते. तो बिचारा आपला मागे बसलेला. इट्स सो कन्व्हिनियंट," ती हसली. "मला पण माझ्या थिसिसच्या वेळी अशी एक बाई हवी होती. उशीर मी नाही केला, आळसाने केला."

नेत्राही हसली असावी. तिचं लक्ष खाली गेलं होतं. घोड्याच्या पुढच्या पायांखाली, चित्राच्या अगदी काठाशी, एक बाई पडली होती. करडा साधा झगा, डोक्याला फडकं, हातातली टोपली उपडी. टोपलीतली अंडी चित्रकाराने एकेक काढली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि त्यातल्या काहींना बारीक पिवळा ठिपका दिला होता. फुटलेली. एक पाय झग्याबाहेर आलेला, पायात बूट नाही. बूट दोन बोटं लांब, एकटाच उभा.

"ही कोण?"

"दॅट्स माय प्रॉब्लेम." पद्मिनीने भिंग पुढे केलं. "सगळ्यांच्या डोक्यावर नाव आहे, हिच्या नाही. आणि पोएममध्ये पण नाहीये ही. त्या ओळींत नुसता घोडा पळतो, एवढंच. कवीने हिला लिहिलंच नाही. पेंटरने कुठून आणली, कोणाला माहीत. जुन्या कॅटलॉगमध्ये कोणी हिला संयम म्हटलंय, कोणी लाज म्हटलंय. मला वाटतं, ती काहीच नाही. शी इज जस्ट अ वुमन. बाजारात चाललेली बाई. पण असल्या पुस्तकात नुसती बाई कशी असेल ना, मावशी? इथे प्रत्येकाला काहीतरी मीनिंग असतं."

नेत्राने भिंग हातात घेतलं नाही. बूट तिला भिंगाशिवाय दिसत होता. कोर्टात एक छायाचित्र लावलं होतं पडद्यावर, तेव्हा ती मांडीवरच्या पर्सची चेन मोजत बसली होती, दात वर-खाली, वर-खाली. तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून काहीतरी आत आलंच होतं, गवतावरचं पांढरं, चपलेच्या आकाराचं. त्या कवीने काय सोपं काम करून ठेवलंय, तिला वाटलं. आणि आपण काय वेगळं केलं? विक्रमच्या गाडीत आपण एकेकाला बसवलं. सासूबाईंची वाईट वेळ बसली, बहिणीने आन्याला बसवलं, देवदत्तने ते न लावलेले दिवे कोंबले, वकिलाने गाडीलाच गाडीत बसवलं. शेवटी त्या गाडीत इतकी मंडळी दाटीवाटीने झाली, की विक्रमला बसायला जागाच उरली नाही. आणि तो काचेबाहेरून टकटक करतोय, आई, मला आत घे, तिथे मी होतो. तिला एकदम आठवलं, पाच वर्षांचा विक्रम, अपार्टमेंटमधल्या त्या काचेच्या टेबलाला धडकायचा आणि भोकाड पसरायचा. मग ती टेबलाला चापट मारायची. कुणी मारलं माझ्या बाळाला? टेबलाने? हात रे टेबला! घे, मारलं त्याला, आता गप. तिच्या आईने तिच्यासाठी उंबरठ्याला मारलं होतं, आजीने आईसाठी पाटाला. किती गोड प्रकार, कुणी शिकवतसुद्धा नाही, हातच आपोआप उठतो. टेबलाला, दाराला, सायकलला, शेजारच्या मुलाच्या चेंडूला, एकदा तर गणिताच्या बाईंना, अर्थात घरातल्या घरात. पोर रडायचं थांबायचं आणि मोठ्या समाधानाने टेबलाकडे बघायचं. ते काचेचं टेबल पुढे कुणालातरी देऊन टाकलं. त्याने कधी काही केलं नव्हतं.

"मावशी, बरी आहेस ना?" पद्मिनी म्हणाली. "पाणी आणू?"

"काही नाही गं. जाडी घेऊ या." तिने कागदाच्या पट्टीने पोथीची जाडी घेतली; एका बाजूने एक आली, दुसऱ्या बाजूने दुसरी. कातडं असंच असतं. सहाशे वर्षं झाली तरी दमट हवा लागली की ते फुगतं, वळतं, पाठीकडून पोटाकडे. ताणून, खरवडून, अक्षरं लिहून सपाट केलेलं असतं, तरी त्याला वासराच्या अंगाचा आकार आठवतो आणि ते तिकडे निघतं. म्हणून पेटी घट्ट लागते. झाकणाने दाबून धरायचं, म्हणजे ते पान राहतं, जनावर होत नाही. एवढी वर्षं हे ती नव्या मुलींना अभिमानाने समजावून सांगत आली होती. आज पट्टीवर पेन्सिलची खूण करताना तिच्या हाताला कातड्याचा थंड, जिवंत ओलावा लागला आणि तिने हात मागे घेतला.

रविवारी देवदत्त काकडी चोचवत होता. खमंग काकडी त्याची. त्याच्या हातची काकडी इतकी बारीक होते की मंडळात त्याच्याकडे तेवढंच काम देतात. खिडकीतून पलीकडच्या घरांची एकसारखी छपरं, कुठेतरी गवत कापायचं यंत्र चाललेलं. नेत्रा वरणाला फोडणी द्यायला उभी होती. जिरं तडतडलं. चारचौघांत ती त्याला अहो म्हणते, घरात अरे. आणि आता काय म्हणावं ते तिला सुचेना.

"त्यांच्याकडे भेटी बंद नाहीयेत," ती म्हणाली.

सुरी चालूच होती. "म्हणजे?"

"विक्रमने माझं नाव काढलंय यादीतून. मार्चपासून."

सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली, जरा हळू. "का?"

"तो म्हणतो, मी काय केलं ते तू तोंडाने म्हण. मग ये."

"मग म्हणायचं. त्यात काय."

"तू म्हण."

काकडीचा ढीग त्याने पात्याने एकीकडे केला. त्याच्या मानेच्या मागच्या बाजूला, केस कापून घेतल्यावर राहतात तसे बारीक पांढरे केस होते, आणि तिथे त्वचा लालसर झाली होती. तिला वाटलं, आता वळेल. त्या वळण्याचीही भीती वाटली.

"मीठ आत्ता घालू नको," तो म्हणाला. "पाणी सुटतं."

आणि बेल वाजली.

रत्ना हातात खिरीचं पातेलं टॉवेलात गुंडाळून आली, तिच्यामागे तिचा नवरा उल्हास, उंच, मोठ्या आवाजाचा, आल्याबरोबर "वहिनी, वास बाहेरपर्यंत येतोय हो!" म्हणणारा. माणसं चांगली होती. नेत्राला त्याचाच जास्त त्रास झाला. वाईट असती तर एक वेळ सोपं गेलं असतं. उल्हास टेबलावर बसल्याबसल्या कॅरीच्या रस्त्यांवर घसरला, सगळे झाडांत लपवलेत म्हणाला, दुकान शोधायचं तर जंगलात शिरावं लागतं. आमच्याकडे कसं सगळं उघड्यावर, मोठमोठे कॅम्पस, आठ पदरी हायवे, आणि कंटाळा आला तर ट्रेनसुद्धा आहे. "विक्रम ट्रेनने जातो का हो ऑफिसला?"

"गाडीने," देवदत्त म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी त्याने पाण्याचा ग्लास उचलला.

"बरोबर. त्या पोरांना गाडीशिवाय जमत नाही. कंपनी कुठली?"

"हेल्थकेअरमधली आहे. सॉफ्टवेअर."

"अरे, मग आमचा देवांग त्याच लाइनमध्ये! माझा भाचा. थांबा, त्याला आत्ताच सांगतो. म्हणतो, बाबा रे, आपलं माणूस शेजारी राहतंय आणि तुला पत्ता नाही." उल्हासने वरणाचं बोट रुमालाला पुसून फोन काढला. "विक्रमचा नंबर द्या."

"बदललाय त्याने हल्ली."

"मग नवीन द्या ना, भाऊजी," रत्ना हसली. "का बापालासुद्धा दिला नाही?"

उल्हासचा अंगठा पडद्यावर टेकून राहिला होता. देवदत्त नेत्राकडे बघत नव्हता. तो आपल्या ताटातल्या काकडीकडे बघत होता, जणू ती कुणा दुसऱ्याने चिरली होती. नेत्राला त्याची दया आली. बापाने आता दहा आकडे बनवायचे, म्हणजे ते कुणातरी परक्या माणसाच्या खिशात वाजणार, आणि तो माणूस विक्रम होणार.

"नंबर नाहीये," ती म्हणाली. "तो प्लेनोला नाही. कधीच नव्हता. तो तुरुंगात आहे."

गवत कापायचं यंत्र बाहेर कुठेतरी वळलं, आवाज लांब गेला. उल्हासच्या फोनचा पडदा काळा झाला आणि त्याने तो पालथा घातला. नेत्राला वाटलं, झालं. एवढं आलं म्हणजे पुढचंही येईल, ते मागोमागच उभं आहे. रत्नाने खुर्ची सरकवली आणि तिच्या हातावर हात ठेवला. हात ऊबदार होता, त्याला वेलचीचा वास होता.

"अगं बाई. काय झालं हो?"

नेत्राने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. आणि तिला तिचाच आवाज ऐकू आला, मऊ, दमलेला, सगळ्यांना सवयीचा.

"अपघात झाला."

"अरेरे." रत्नाचे डोळे भरून आले आणि तिचा हात नेत्राच्या पाठीवर गेला. "अपघात काय कुणाच्या हातात असतो? बिचारं पोर. पाऊस असेल नाहीतर. इथले पाऊस मेले असे येतात, समोरचं दिसत नाही."

"हो," नेत्रा म्हणाली. हो, असं म्हणाली ती. आणि काय ते सुख झालं. एवढ्या महिन्यांत कुणी तिच्या पाठीवरून असा हात फिरवला नव्हता; ती त्या हाताखाली खाली खाली जात राहिली, पाऊस पडू लागला, काचेवर पाणी आलं, रस्ता दिसेनासा झाला, आणि त्या पाण्यात विक्रम आणखी लांब, आणखी लहान झाला. देवदत्तला खोटारडा म्हणून तिने मनात किती वेळा ठेचलं होतं. त्याने फक्त एक गाव बनवलं होतं.

"पाऊस नव्हता," देवदत्त म्हणाला.

रत्नाचा हात पाठीवर थांबला.

"ऊन होतं." तो ताटाकडेच बघत बोलत होता, आणि त्याचा आवाज असा निघत होता, की प्रत्येक शब्द तो कुठूनतरी ओढून बाहेर आणतोय. "लख्ख. रस्ता कोरडा होता, सरळ होता, वळण नव्हतंच. दिव्यांची गरजच नव्हती. गाडीत काही बिघाड नव्हता, मी सगळे रिपोर्ट वाचलेत. त्या मुलीने त्याला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. तो भरपूर प्यायला आणि निघाला."

"अहो," नेत्रा म्हणाली. थांबा म्हणायला की बोला म्हणायला, ते तिलाही कळलं नाही.

त्याने मान वर केली. पाहुण्यांकडे नाही; तिच्याकडे. त्याचा खालचा ओठ लहान मुलासारखा हलत होता, तो त्याने दाताने धरला, सोडला.

"वांडा प्रिचर्ड," तो म्हणाला. "नेत्रा, आपल्या विक्रमने तिचा जीव घेतला."